श्याम बेनेगल: डॉक्युमेंटरी, फीचर आणि पैसा कुणाचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर २०२४ ला बेनेगल गेले तेव्हापासून त्यांच्याबद्दल विचारणारे मेसेज येतच आहेत आणि त्यातले निम्मे तेच तेच असतात, म्हणून एकदाच बसून नीट लिहून काढतोय. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त थोडं शुद्धलेखन बघितलंय. जिथे दोन प्रश्न एकमेकांत घुसतात तिथे नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. आणि हो, मला स्वतःला त्यांच्या करियरमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे प्रत्येक वेळी पैसे कुठून आणले ही, त्यामुळे हा विषय परत परत येणार, इलाज नाही.

१. श्याम बेनेगल नक्की कोण? आमच्या पिढीला नुसतं नाव ऐकून माहितीय.

जन्म १४ डिसेंबर १९३४, हैदराबादजवळच्या त्रिमुलघेरीचा. घर कोंकणी बोलणारं, वडील मूळचे कर्नाटकातले आणि धंद्याने फोटोग्राफर, त्यांच्याच कॅमेऱ्यावर पोराने बाराव्या वर्षी पहिली फिल्म केली. उस्मानिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात एमए, तिथेच हैदराबाद फिल्म सोसायटी काढली, मग मुंबईत जाहिरातींचं काम, आणि १९७४ ला 'अंकुर'. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं फीचर, डॉक्युमेंटरी, टीव्ही सिरियल असं सगळं चालू होतं, शेवटचा सिनेमा २०२३ ला आला. पद्मश्री १९७६, पद्मभूषण १९९१, २००५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. २३ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेले, नव्वदी पूर्ण करून.

२. ते मूळचे डॉक्युमेंटरीवाले की जाहिरातवाले?

दोन्ही, आणि त्या काळात यात फार मोठी भिंतही नव्हती. १९५९ ला मुंबईत लिंटास या एजन्सीत कॉपीरायटर म्हणून लागले. १९६२ ला पहिली डॉक्युमेंटरी केली, 'घेर बेठा गंगा', ती गुजरातीत. मग जाहिराती आणि कंपन्या-संस्थांनी पैसे देऊन करून घेतलेल्या माहितीपटांचा जो रतीब सुरू झाला त्याचा एकूण आकडा ९०० च्या वर सांगतात. आता यात मिनिटभराच्या जाहिरातीपण आल्या त्यामुळे आकडा ऐकून घाबरू नका, पण विचार करा, एवढ्या वेळा कॅमेरा लावलेला माणूस जेव्हा पहिल्या फीचरच्या सेटवर येतो तेव्हा तो नवखा नसतोच. मध्ये १९६७ ला 'अ चाइल्ड ऑफ द स्ट्रीट्स' केली, १९६६ ते १९७३ पुण्यात एफटीआयआय या फिल्म संस्थेत शिकवलं, आणि होमी भाभा फेलोशिपवर अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्क आणि बॉस्टनला मुलांच्या आणि शैक्षणिक टीव्हीचं काम बघून आले. हे शेवटचं लक्षात ठेवा, टीव्हीला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही त्याचं एक कारण हेही असावं.

३. एवढं काम येत होतं तर पहिला सिनेमा करायला चाळिशी का उजाडली?

कारण पैसे मिळेनात. 'अंकुर'ची गोष्ट कॉलेजच्या दिवसांतली, ती घेऊन दहा वर्षांहून जास्त काळ ते निर्मात्यांकडे फिरत होते. जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा, शेतावर राबणारी दलित बाई, तिचा मुकाबहिरा नवरा, नाचगाणी नाहीत, स्टार नाहीत, कोण पैसे घालणार? तेव्हा सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन होतं, १९६९ चा 'भुवन शोम' त्यांच्याच पैशावर झाला, पण 'अंकुर' तिकडून आलेला नाही.

पैसे दिले ब्लेझ नावाच्या कंपनीने. यांचा धंदा काय तर थिएटरांमध्ये जाहिराती पोचवायचा, पिक्चर सुरू व्हायच्या आधी आणि इंटरव्हलला ज्या लागायच्या त्या. म्हणजे बेनेगल ज्या जाहिराती बनवायचे त्या लोकांपर्यंत नेणारी माणसं, काम बघितलेलं, वेळेत आणि बजेटात संपवतो हे माहिती असलेलं. लोक म्हणतात जाहिरातीत वर्षं वाया गेली, माझं उलट मत आहे, जाहिरातीत नसते तर ब्लेझ भेटलंच नसतं. तेलंगणात प्रत्यक्ष गावात शूटिंग, भाषा दखनी, कॅमेरा गोविंद निहलानी, संगीत वनराज भाटिया, आणि शबाना आझमी, अनंत नाग, साधू मेहेर. बर्लिन फिल्म फेस्टिव्हलला स्पर्धेत गेला, शबाना आणि साधू मेहेर दोघांना राष्ट्रीय पुरस्कार, आणि मुख्य म्हणजे थिएटरात चालला. त्यामुळे ब्लेझने पुढे 'निशांत' आणि 'भूमिका'लाही पैसे घातले.

४. म्हणजे डॉक्युमेंटरी ही फीचरकडे जायची पायरी झाली ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा फिल्म स्कूलच्या मुलांकडून. उत्तर नाही असं आहे. पायरी असती तर वर चढल्यावर खाली उतरले नसते. तारखाच बघा ना, १९८३ ला 'मंडी', मग सत्यजित रेंवरची डॉक्युमेंटरी, १९८५ च्या आसपास एका बाजूला नेहरूंवरची तीन भागांची फिल्म आणि दुसऱ्या बाजूला गोव्यात 'त्रिकाल', ज्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८६ ला टीव्हीवर 'यात्रा', १९८७ ला 'सुस्मन', १९८८ ला 'भारत एक खोज'. म्हणजे नाव सगळ्यात जोरात असताना सगळे प्रकार एकदम. मधेच टाटा स्टीलसाठी माहितीपटही केलेत.

मला वाटतं त्यांच्या डोक्यात आधी विषय यायचा आणि मग तो कुठल्या साच्यात बसतो आणि त्याला पैसे कोण देईल हे बघितलं जायचं. विणकरांवर करायचंय, कोण देईल, विणकरांच्याच सहकारी संस्था. रेल्वेवर करायचंय, रेल्वे. एकाच माणसाच्या हातात ऑफिस, टीम आणि काम कायम चालू राहिलं ते यामुळे. समांतर सिनेमातले किती तरी गुणी लोक दोन पिक्चरच्या मधे सात-सात वर्षं बसून राहिले, बेनेगल बसून राहिलेले दिसत नाहीत.

५. 'मंथन'ला शेतकऱ्यांनी खरंच दोन-दोन रुपये दिले होते? का व्हॉट्सॅप टाइप गोष्ट आहे?

खरं आहे. गुजरातमधल्या दूध सहकारी संस्थांचे ५ लाख सभासद, प्रत्येकी २ रुपये, झाले १० लाख. सिनेमाच्या सुरुवातीलाच पाटी येते की गुजरातचे ५ लाख शेतकरी सादर करत आहेत म्हणून.

याची पार्श्वभूमी अशी की बेनेगल आधी अमूलच्या व्हर्गीज कुरियन यांच्यासाठी दूध महापूर योजनेवर माहितीपट करत होते, ऑपरेशन फ्लड म्हणतात ती. त्यांना जाणवलं की हे माहितीपट बघणारे लोक आधीच पटलेले असतात, बाकीच्यांपर्यंत जायचं तर गोष्ट सांगायला लागेल. कुरियनना ते पटलं पण पैशाचं काय, तर तोडगा हा निघाला की संस्थेत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाने एका दिवशी दोन रुपये कमी घ्यायचे. म्हणजे फार काही वर्गणी मागत फिरले नाहीत, संस्थेचं जाळं तयारच होतं, त्याच जाळ्यातून पैसा आला, आणि १९७६ ला पिक्चर आला तेव्हा त्याच जाळ्यातून प्रेक्षकही आला, गावंच्या गावं ट्रकमध्ये बसून आपला सिनेमा बघायला आली. आजच्या क्राउडफंडिंगशी तुलना करणारे हा दुसरा भाग विसरतात. पैसे देणारा आणि तिकीट काढणारा एकच होता. राजकोटजवळच्या सांगणवा गावात शूटिंग झालं.

६. आमच्या सरांनी 'मंथन' डॉक्युड्रामा आहे असं सांगितलं, परीक्षेत तेच लिहू का?

मार्कांचं तुमचं तुम्ही बघा, पण नाही, तो सरळ कथापट आहे. गिरीश कर्नाडांचे डॉ. राव, स्मिता पाटीलची बिंदू, नसीरुद्दीन शाहचा भोला ही रचलेली पात्रं आहेत, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, हिंदीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणूनही मिळाला. कुरियन आणि त्यांच्या लोकांचे अनुभव त्यात आहेत, पण राव म्हणजे कुरियन नव्हेत. डॉक्युमेंटरीसारखं वाटतं ते दुसऱ्या कारणांनी, त्यासाठी प्रश्न ८ बघा.

७. पण अमूलच्या शेतकऱ्यांचा पैसा, अमूलची गोष्ट, मग ही अमूलची लांबलचक जाहिरातच नाही का?

रास्त प्रश्न आहे आणि याला नुसतं हो किंवा नाही म्हणून चालत नाही. 'मंथन' नीट बघितला तर दूध संस्थेचं भलं होतं एवढंच त्यात नाहीये, संस्था आली तरी गावातली जात जात नाही, सरपंचाला दलित वस्तीच्या शेजारी रांगेत उभं राहायचं नाहीये, शहरातून आलेला साहेब शेवटी निघून जातो आणि पुढचं भोलाला निस्तरायला लागतं. जाहिरातवाल्याने हे ठेवलं नसतं, म्हणजे बेनेगलांना जाहिरात कशी करतात हे चांगलं माहिती होतं आणि तरी त्यांनी हे ठेवलं.

आता बाकीचे बघा. 'आरोहण' (१९८२) पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने, कुळांच्या लढ्यावर, ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार. 'सुस्मन' हातमाग सहकारी संस्थांच्या पैशाने. 'अंतर्नाद' पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय चळवळीवर. 'समर' सामाजिक न्याय मंत्रालयाचा सहभाग असलेला, 'हरी-भरी' कुटुंब कल्याण खात्यासाठी. माझं स्पष्ट मत, 'हरी-भरी'मध्ये खात्याचा शिक्का दिसतो, बायका एकेक प्रश्न घेऊन येतात आणि सिनेमा त्याला उत्तर देतो, चांगल्या नट्या असूनही. 'अंतर्नाद'मध्ये भक्तिभाव जरा जास्तच झालाय. आणि 'समर' बघा, तोही सरकारी पैसा, पण त्यात मुंबईची फिल्मवाली मंडळी मध्य प्रदेशातल्या गावात दलित अत्याचारावर सिनेमा करायला येतात आणि शूटिंग करता करता त्यांच्या स्वतःच्या मनातली जात बाहेर पडते. म्हणजे पैसे दिलेल्या विषयावरच सिनेमा केला, पण बोट स्वतःच्या जमातीकडे दाखवलं. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तरी आज कुणी बघत नाही.

थोडक्यात पैसा कुणाचा यावरून सिनेमा चांगला-वाईट ठरत नाही पण कुठे दबला तेवढं कळतं. आणि हे फक्त सरकारबद्दल नाही हां, 'जुनून' आणि 'कलियुग'ला पैसे शशी कपूरचे होते, स्टारचा पैसा, तिथे कॅनव्हास केवढा मोठा होतो बघा.

८. डॉक्युमेंटरीतून फीचरमध्ये नक्की काय आलं? सगळे म्हणतात 'डॉक्युमेंटरी टच', म्हणजे काय?

'टच' वगैरे सोडा, कामाच्या पद्धती आल्या. पहिली गोष्ट जागा. सेट लावण्याऐवजी गाव गाठायचं आणि युनिटने तिथेच राहायचं. 'त्रिकाल' गोव्यात लोटलीला मारिओ मिरांडांच्या वडिलोपार्जित घरात झालाय, आणि अशोक मेहतांनी रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात घेतलेत, त्या घराचा काळोख हेच अर्धं काम करतो.

दुसरी भाषा. 'अंकुर'मध्ये दखनी, 'मंथन'मध्ये गुजरातीच्या वळणाची हिंदी. तेव्हाच्या हिंदी सिनेमात खेडूत म्हटला की एकच ठरावीक भोजपुरीछाप बोली असायची, मग गाव कुठलंही असो.

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी, हाताचं काम. नसीरुद्दीन 'मंथन'साठी म्हैस पिळायला आणि शेणाच्या गोवऱ्या थापायला शिकले, ओम पुरी 'सुस्मन'साठी मागावर बसायला शिकले. पडद्यावर माणूस काम करताना दिसतो, काम करायचा अभिनय करताना नाही. माहितीपट करणाऱ्याला हे आपोआप सुचतं कारण त्याने खरे कामगार तासन्‌तास बघितलेले असतात.

९. बेनेगलांनी मराठी पिक्चर का नाही केला?

मराठी भाषेत फीचर नाही केला, हिंदी, एक तेलुगू, इंग्रजी आणि शेवटचा 'मुजीब' बंगालीत एवढंच. पण मराठीशी संबंध नाही असं म्हणाल तर मी भांडेन. 'निशांत' आणि 'मंथन'चे लेखक तेंडुलकर. 'कोंडुरा' (१९७८) चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवर, तो हिंदीत आणि 'अनुग्रहम' नावाने तेलुगूत असा दोनदा केला, कोकणातली गोष्ट उचलून आंध्रात नेऊन ठेवली. 'भूमिका'बद्दल खाली प्रश्न १० आहेच. संवाद लिहायला सत्यदेव दुबे, जे बिलासपूरचे पण मुंबईच्या मराठी-हिंदी नाटकवाल्यांचे गुरू. आणि नटमंडळी बघा, स्मिता पाटील तर मुंबई दूरदर्शनला मराठी बातम्या वाचणारी मुलगी होती, तिला 'चरणदास चोर'मध्ये घेतलं आणि पुढचं सगळ्यांना माहिती आहे. अमोल पालेकर, सुलभा देशपांडे, मोहन आगाशे, नंतरच्या काळात सचिन खेडेकर नेताजी झाले आणि 'संविधान'मध्ये डॉ. आंबेडकरही, श्रेयस तळपदे 'वेलकम टू सज्जनपूर'चा हिरो.

खरं कारण मला सरळ वाटतं. त्या वेळी छबिलदासची चळवळ (दादरच्या छबिलदास शाळेत होणारी प्रायोगिक नाटकं) जोरात होती, मुंबईतला प्रायोगिक रंगभूमीवाला नट हा बेनेगलांचा राखीव साठा होता, पण प्रेक्षक त्यांना देशभरचा हवा होता आणि पैसे देणाऱ्यांनाही. त्यामुळे माणसं मराठी आणि भाषा हिंदी.

१०. 'भूमिका' हा हंसा वाडकरांचा बायोपिक आहे ना?

त्यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला आहे, पण बायोपिक म्हणू नका. पात्राचं नाव उषा, पडद्यावरचं नाव उर्वशी, घटना बदलल्यात, आणि पुस्तकातला सूर आणि सिनेमातला सूर वेगळा आहे. पुस्तकात हंसाबाई स्वतः बोलतात, शब्दांकन अरुण साधूंचं, त्यात एक बेफिकीर मोकळेपणा आहे. सिनेमात स्मिता पाटील जास्त आतल्या आत जळते. मला पुस्तकातल्या हंसाबाई जास्त आवडतात आणि सिनेमातली स्मिता पण, दोन्ही वेगळ्या बायका आहेत असं धरून चाला.

काळानुसार रंगीत आणि कृष्णधवल अशी अदलाबदल आहे आणि मराठी-हिंदी सिनेमाच्या स्टुडिओ जमान्याचं जे चित्र येतं ते कुठल्याही डॉक्युमेंटरीच्या तोडीचं. स्मिताला अभिनयाचा आणि पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार.

एक गोंधळ नेहमी होतो. 'सांगत्ये ऐका' नावाचा अनंत मानेंचा मराठी सिनेमा १९५९ चा, त्यात हंसाबाईंनी काम केलं, तमाशापट आहे. आत्मकथनाला नाव तिथून आलं, 'भूमिका' त्या सिनेमाचा रिमेक नाही.

११. सत्यजित रेंवरची डॉक्युमेंटरी म्हणजे नुसता इंटरव्ह्यू आहे म्हणतात, बघण्यासारखं काय आहे?

इंटरव्ह्यूच आहे बराचसा, आणि तेच बघण्यासारखं आहे. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली, 'घरे बाइरे'चं शूटिंग चालू असताना रे सेटवर काम करताना दिसतात, आणि मग बसून बोलतात. विचारणारा स्वतः दिग्दर्शक असल्यामुळे 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते' असले प्रश्न नाहीत, शॉट कसा ठरवलात, नटाला काय सांगितलंत, बजेट नव्हतं तेव्हा काय केलंत, असं चालतं. रेंबद्दल बेनेगलांना प्रचंड आदर होता, त्यामुळे वाद कुठेच घातलेला नाही, ती उणीव आहे. तरी सिनेमा शिकणाऱ्याने बघावीच.

१२. 'नेहरू' आणि 'भारत एक खोज' एकच का? आणि 'खोज' डॉक्युमेंटरीत मोजायची का सिरियलमध्ये?

एक नाही. 'नेहरू' ही तीन भागांची डॉक्युमेंटरी, सोव्हिएत युनियनबरोबर मिळून केलेली, यूरी अल्दोखिन सहदिग्दर्शक, जुनी फुटेज आणि नेहरूंचे स्वतःचे शब्द. 'भारत एक खोज' ही नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर दूरदर्शनसाठी केलेली ५३ भागांची मालिका, १९८८ पासून.

दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर अवघड आहे कारण ती मुद्दाम मधेच कुठेतरी आहे. रोशन सेठ नेहरू म्हणून कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, ओम पुरींचा आवाज इतिहास सांगतो, आणि मग नाट्यप्रवेश सुरू होतात, ज्यात तेच ओम पुरी औरंगजेब म्हणून येतात आणि नसीरुद्दीन शिवाजी महाराज म्हणून. त्यात महाकाव्यं आहेत, जुनी नाटकं आहेत, लोककला आहेत, म्हणजे इतिहास फक्त राजे-लढाया असा नाही. कॅमेऱ्यावर व्ही. के. मूर्ती, गुरुदत्तांचेच ते. सुरुवातीचं नासदीय सूक्त, 'सृष्टि से पहले सत नहीं था', ऐकलं की आजही चाळिशीपुढचे लोक जागच्या जागी थांबतात.

मला विचाराल तर मी तिला डॉक्युमेंटरीच्या बाजूला ठेवतो, कारण तिचा कणा निवेदन आहे. २०१४ च्या 'संविधान'चं तसं नाही, राज्यसभा टीव्हीसाठीचे १० भाग, संविधान सभेतल्या चर्चांवर, तिथे मूळ कागदपत्रांतली भाषणंच संवाद झालीत. आणि 'यात्रा' तर सरळ कथा, कन्याकुमारीहून जम्मूकडे जाणाऱ्या हिमसागर एक्स्प्रेसमधल्या लोकांची, पैसे रेल्वेचे.

१३. शेवटी शेवटी ते सरकारी बायोपिकवाले झाले, हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. 'द मेकिंग ऑफ द महात्मा' (१९९६) दक्षिण आफ्रिकेबरोबर केलेला, त्यात गांधी अजून चुकणारा, बायकोवर चिडणारा तरुण वकील आहे, आणि रजित कपूरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. नेताजींवरचा (२००५) लांब आहे, मेहनत दिसते, एमिली शेंकलशी लग्न दाखवल्याबद्दल काही लोकांनी आक्षेपही घेतले, म्हणजे अगदी गुळगुळीत नाही. 'मुजीब' (२०२३) मात्र भारत आणि बांगलादेश सरकारांनी मिळून काढलेला, आणि त्या वेळी ढाक्यात सत्तेवर मुजीबुर रहमान यांची मुलगीच होती. आता अशा सिनेमात नायकाचं चुकलेलं कोण दाखवणार, विशेषतः शेवटच्या काळातली एकपक्षीय राजवट, ती घाईघाईत उरकलीय. वर ७ मध्ये जे म्हटलं ते इथे सगळ्यात जास्त लागू.

पण याच माणसाने १९९० च्या दशकात आणि पुढे २००१ पर्यंत 'सूरज का सातवाँ घोडा', आणि खालिद मोहम्मदच्या लेखनावर 'मम्मो', 'सरदारी बेगम', 'झुबैदा' (२००१) असे तीन केलेत. ते विसरून एकच शिक्का मारू नका.

१४. गुरुदत्त त्यांचे सख्खे चुलत भाऊ होते का?

सख्खे नाही. दोघांच्या आज्या बहिणी, गुरुदत्तांची आईकडची आणि बेनेगलांची वडलांकडची. नातं होतं, पण त्यांच्याकडे असिस्टंट म्हणून न लागता बेनेगल जाहिरातीत गेले.

१५. सेन्सॉर बोर्डावर बेनेगल कमिटी म्हणतात ती हीच का?

हीच. जानेवारी २०१६ ला नेमली, एप्रिलमध्ये अहवाल दिला. गाभा असा की बोर्डाने वयानुसार प्रमाणपत्र द्यावं, कात्री चालवू नये, आणि यूए गटाचे (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायचे सिनेमे) वयानुसार आणखी भाग करावेत. वयाचे भाग २०२३ च्या कायद्यातल्या बदलात आले (यूए ७+, १३+, १६+). कात्री अजून तिथेच आहे.

१६. २०२४ ला 'मंथन' परत थिएटरला लागला होता तो कलर करेक्शन करून का?

त्याहून बरंच जास्त. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने रिस्टोअर केला. मूळ निगेटिव्ह पुण्यात फिल्म अर्काइव्हमध्ये होती पण आवाजाची निगेटिव्ह सापडेना, म्हणून आवाज एका जुन्या ३५ एमएम प्रिंटवरून घेतला. मे महिन्यात कान फेस्टिव्हलच्या क्लासिक्स विभागात दाखवला, आणि १ आणि २ जूनला देशात ठिकठिकाणी थिएटरात. पाच लाख मालक असलेल्या पिक्चरचीसुद्धा आवाजाची निगेटिव्ह हरवते, मग बाकीच्या समांतर सिनेमांचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

१७. मी डॉक्युमेंटरी करतो, फीचर करायचाय. बेनेगलांसारखं आज जमेल का?

जसंच्या तसं नाही. दूरदर्शनला पर्याय नव्हता तो काळ गेला, ब्लेझचा थिएटर जाहिरातींचा धंदा तसा राहिला नाही, आणि कुरियनसारखा माणूस भेटायला नशीब लागतं. पण तीन गोष्टी अजून चालतात. ज्यांच्यावर सिनेमा करताय त्यांचीच काही संघटना, सहकारी संस्था आहे का ते आधी बघा, विणकर, मच्छीमार, ऊसतोड, कुणीही. आणि टीम बदलू नका, निहलानी, भाटिया, लेखिका शमा झैदी ही माणसं वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर होती, त्यामुळे कमी पैशात वेगाने काम व्हायचं. आणि पैसे देणाऱ्याला स्क्रिप्ट दाखवताना त्याला न आवडणारी गोष्ट कुठे आहे ते सुरुवातीलाच सांगून टाका, नंतर एडिटिंग टेबलवर ती भांडणं फार महाग पडतात.

१८. कुठून सुरुवात करू? एवढे पिक्चर बघायला वेळ नाही.

'अंकुर' नको, तो दुसरा किंवा तिसरा बघा. 'मंडी'ने सुरू करा, कारण त्यात हसू येतं आणि शबाना, स्मिता, नसीर, ओम पुरी, कुलभूषण खरबंदा असे सगळे एका कोठ्यात कोंबलेत. मग 'भूमिका', मग 'मंथन', मग 'अंकुर', मग 'त्रिकाल'. गोष्ट सांगायची पद्धत आवडत असेल तर 'सूरज का सातवाँ घोडा' मधेच कुठेही घाला. 'खोज'चे सगळे ५३ भाग एकदम बघायला घेऊ नका, सोडून द्याल, हवा तो काळ निवडून दोन-दोन बघा. घरात आठ-दहा वर्षांचं पोरगं असेल तर 'चरणदास चोर', १९७५ चा, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी केलेला, हबीब तन्वीरांचे छत्तीसगढी नाचा (तिकडचं लोकनाट्य) कलाकार आहेत त्यात. फक्त शेवटी चोर मरतो, तेवढं आधी बघून ठेवा.